सतरानंतरचं वळण

पुष्करला सोडायला आले होते मी.
सिडकोतल्या मनपा शाळेचा हॉल,
पत्र्याखाली पारवे, भिंतीवर
मतदान केंद्राचा अर्धा पुसलेला बाण.
तिसऱ्या महिन्यात पुष्करने सोडलं,
त्याला तबला हवा होता,
आणि फी भरलेली होती म्हणून
चपला काढून मीच उभी राहिले
पोरांच्या रांगेत, सगळ्यात मागे.
वय एकेचाळीस, पट्टा पांढरा.

डॉक्टरांनी आधी त्याचा कागद भरला.
मग माझ्याकडे बघून म्हणाले,
तुमचाही भरून बघू या का?
कॉलेज रोडवरच्या त्या थंडगार खोलीत
पहिल्या प्रश्नाच्या मध्यावर
मी त्यांच्या स्टेपलरवरचं कंपनीचं नाव
तीनदा वाचलं.
तेवढ्यावरच भागलं असतं खरं तर.

शाळेत म्हणायचे, बागूल, लक्ष कुठंय?
आता, गणिताच्या बाईंनीच शिकवलेलं
की एकावर पाच शून्यं म्हणजे लक्ष.
माझ्याकडे तेवढी होतीच.
त्या मागत होत्या एक.

खैरनार सर आकडे जपानीत मोजतात,
रागावतात बागलाणीत.
दिवसा अंबडच्या कंपनीत क्रेन चालवतात,
म्हणून असेल,
कुणाचा हात हवेत किती थांबायला हवा
ते त्यांना न बघताही कळतं.

पहिल्या कातात एकवीस हालचाली.
मला सतरा येतात.
सतराव्या ठोशावर ओरडायचं असतं, बेंबीच्या देठापासून,
आणि ती ओरड वर्गात माझी सगळ्यात चांगली.
पारवे उडतात.
पारवे उडाले की मीही.
मग डाव्या अंगाने घ्यायची ती पाऊण गिरकी
राहूनच जाते.
सगळी पोरं खिडकीकडे,
मी एकटी फळ्याकडे, मूठ अजून पुढे,
गॅस बंद केला होता का, या विचारात.

कुमितेचं मात्र वेगळं.
समोर तेरा वर्षांची स्वरांगी, दातांत निळं गार्ड.
तिचा उजवा खांदा दोऱ्याएवढा हलतो
आणि मग दुसरं काही नसतंच.
कुकर नाही, हप्ता नाही,
सासूबाईंची बुधवारची अपॉइंटमेंट नाही.
दीड मिनिट
मी माझ्याच अंगात राहते, भाडं न देता.
शिट्टी वाजते. सगळे परत आत येतात,
चपलांसकट.

ऑगस्टच्या परीक्षेत सतरानंतर थांबले.
हॉल चिडीचूप. कुणीतरी खोकलं.
मी वळले, उजवीकडे.
सर नंतर म्हणाले, चुकलात.
मग पाण्याची बाटली उघडत, दुसरीकडे बघत,
पण ताई, चुकीच्या दिशेलाही पाय पक्का पडला तुमचा.
पट्टा पांढराच राहिला.
घरी येताना वाटेत कुठेतरी
तोही राहिला.

आज क्लासवरून निघाले ती मोजतच,
चौदा, पंधरा, आणि पाथर्डी फाट्याचं वळण
मागे गेलं.
गाडी आपली सरळ, ट्रकांच्या शेजारून,
थेट पांडवलेणीच्या पायथ्याशी.
सकाळच्या गोळीचा अंमल केव्हाच उतरलेला.
आलेच आहे तर, म्हणून स्कूटर स्टँडला लावली,
हेल्मेट आरशाला अडकवलं,
आणि धुळीत उभी राहिले, टाचा जुळवून.

सतरा. ओरडले.
भुट्टेवाल्याचा पंखा हातातच थांबला.
गिरकीत हायवे दिसला, डोंगर दिसला,
उतरणारी दोन म्हातारी माणसं,
विझत आलेला कोळसा,
एकूण एक दिसलं, आणि त्या सगळ्यासकट
पाय पडला. अठरा.
एकोणीस. वीस.

ताई, तो म्हणाला, लिंबू-तिखट लावू?

लाव, म्हटलं. तिखट जास्त.